कॉम्प्युटर हँग होतो, दोष कुणाचा?

गेल्या मे महिन्यातील गोष्ट आहे. नाशिकरोडच्या आमच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत एक जुना कॉम्प्युटर आहे. भिशीचे पैसे उचलून तो आम्ही वापरलेलाच विकत घेतला. नवा घेण्याची ऐपत नव्हती आणि गरज तर होती. थोरली कन्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करते. या विद्यापीठाची स्थापना १९८९ साली आपल्या नाशिकलाच झाली. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याचा वर्ग म्हणजे त्याचे घर. शिवाय महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेची तयारीही ती करीत होती. मराठी, मिनिटाला ३० शब्द. इन्स्टिट्यूटमध्ये रोज एक तास मिळे, बाकीचा सराव घरी.

आणि नेमके सरावाच्या वेळीच यंत्र हँग होऊ लागले. उतारा अर्ध्यावर आला की पडदा जसाच्या तसा थिजायचा. माऊस हलेना, बटण चालेना. शेवटी सीपीयूचे बटण दाबून धरायचे, बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा, आणि उतारा पहिल्या ओळीपासून.

आमच्याकडे यंत्र बिघडले की आधी माणूस शोधला जातो. आम्ही कन्येला म्हणालो, "तू बटणे फार बडवतेस. नको तिथे क्लिक करतेस." तिची आई म्हणाली, "दिवसभर डोळे लावून बसायचे, मग बिघडणार नाही तर काय?" धाकट्या चिरंजीवांनी आगीत तेल ओतले, "ताई गाणी उतरवून घेते." पोर काहीच बोलली नाही. तिने कीबोर्डवर फडके घातले आणि दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरला हात लावणे सोडले. परीक्षा तोंडावर आली होती.

आठवडाभराने आम्ही स्वतः दुपारी तीनच्या सुमारास त्या कॉम्प्युटरवर बसलो. १४ एप्रिलच्या जयंतीचा जमाखर्च मंडळापुढे मांडायचा होता. वर्गणीच्या पावत्या एकेक करून उतरवीत होतो. दीडशेच्या वर नोंदी झाल्या असतील आणि पडदा थिजला. मधे एकदाही सेव्ह केले नव्हते, सगळे गेले. आतल्या खोलीच्या दारातून कन्येने विचारले, "पप्पा, आता बटणे कुणी बडवली?"

आम्ही निरुत्तर झालो. वाचक बंधू-भगिनींनो, हा लेख त्या प्रश्नातून लिहिला आहे.

दुकानातील निदान

सीपीयू पिशवीत घालून आम्ही एका दुकानात नेला. तिथल्या माणसाने तो न उघडता, सुरूही न करता सांगितले, "मदरबोर्ड गेला. साडेसहा हजार होतील. त्यापेक्षा दुसराच घ्या." आम्ही विचारले, "मदरबोर्ड गेला हे कशावरून?" तो म्हणाला, "अनुभवावरून."

अनुभवाला आम्ही कमी लेखत नाही, पण आमचाही एक अनुभव आहे. पंचवीस वर्षे कारकुनी केली आहे. तेरीजपत्रकाच्या दोन बाजू जुळत नसतील तर आम्ही खतावणी फाडून नवी आणत नाही. रोजकीर्दीतील एकेक नोंद खातेनिहाय तपासतो, बरोबर निघाली की टिक करतो आणि पुढे जातो. कधी बेरजेत चूक असते, कधी एकच रक्कम दोनदा चढलेली असते, तर कधी ४५ चे ५४ झालेले असतात. चूक साधीच असते, फक्त ती सापडावी लागते. सीपीयू तसाच पिशवीत घालून आम्ही घरी परत आणला.

सर्वच कारागीर तसे नसतात हेही इथे नमूद केले पाहिजे. पुढे ज्या तरुणाने आम्हास मदत केली तो वस्तीतलाच, आयटीआय शिकलेला. त्याने आल्याबरोबर पैशाचे नाव काढले नाही. "काका, हा कधी हँग होतो? सुरू केल्यावर किती वेळाने?" हा त्याचा पहिला प्रश्न. आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आले नाही. महिनाभर घरात त्यावरून भांडणे झाली होती, पण कधी होतो हे कुणी पाहिलेच नव्हते.

एक वही, सहा रकाने

त्या रात्री आम्ही कन्येला शंभर पानी वही दिली आणि आवक-जावक रजिस्टरसारखे रकाने आखून दिले. तारीख, वेळ, सुरू केल्यापासून किती मिनिटे झाली, काय काम चालू होते, पडद्यावर काय दिसले, पुढे काय केले. घरात जो कुणी कॉम्प्युटरला हात लावील त्याने वहीत लिहायचे, आम्हीसुद्धा.

ही काही आमची नवी युक्ती नव्हे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मार्क-२ नावाचे खोलीभर मोठे गणकयंत्र चुकू लागले. तेथील लोकांनी शोध घेतला तेव्हा आतल्या एका रिलेमध्ये पतंग, म्हणजे दिव्यावर झेपावणारा किडा, अडकलेला सापडला. त्यांनी तो किडा काढला, चिकटपट्टीने नोंदवहीच्या पानावर डकवला आणि शेजारी वेळ लिहून ठेवली. त्या चमूत ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाई होत्या. यंत्रातील दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत त्याआधीही होती, पण इथे खराखुरा किडाच हाती लागला. ती वही वॉशिंग्टनच्या वस्तुसंग्रहालयात जपून ठेवली आहे. एवढ्या मोठ्या विद्वानांनाही यंत्राचा दोष वहीत लिहावा लागला, मग आपण लिहायला काय हरकत आहे?

आपला कॉम्प्युटरही स्वतःची एक वही ठेवतो. विंडोजच्या शोधाच्या चौकटीत 'रिलायबिलिटी' असे इंग्रजीत टाईप केले की तारीखवार तक्ता उघडतो. ज्या दिवशी काही बिघडले त्या दिवसाखाली लाल फुली असते. त्या फुलीवर क्लिक केल्यास कोणता प्रोग्राम बंद पडला ते कळते. आपली वही आणि ही वही शेजारी ठेवून पाहावी.

वहीने काय सांगितले

दहा दिवसांनी आम्ही वही उघडली. पहाटे साडेपाच ते सात या वेळात कॉम्प्युटर एकदाही हँग झालेला नव्हता. दुपारी मात्र वीस ते तीस मिनिटांत ठरलेला. संध्याकाळी सातनंतरही तेच. बसणारी व्यक्ती कन्या असो, चिरंजीव असो की आम्ही, काम टायपिंगचे असो की गाण्याचे, त्याने काही फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो वेळेचा. म्हणजेच उष्णतेचा.

मे महिन्यात आपल्या नाशिकचा पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याखाली दुपारी काय होते ते पत्र्याखाली राहणाऱ्यांना सांगायला नको. त्यात आमचा सीपीयू टेबलाच्या बंद कप्प्यात, पाठ भिंतीला टेकलेली. धूळ बसू नये म्हणून वरून क्रोशाचा रुमाल. आणि सहा हातांवर गॅसचा ओटा.

कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. काम करताना तो तापतो. त्याच्यावर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो, त्याला हीटसिंक म्हणतात, आणि त्यावर पंखा. प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावलेली असते. पंख्याने वारा खेचला, पात्यांनी उष्णता सोडली, की प्रोसेसर सुखरूप. साधारण कामात तापमान ४० ते ७० अंश असावे. बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथवर पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो, अडखळतो, आणि तरीही भागले नाही तर जळू नये म्हणून बंद पडतो.

खात्री करण्यासाठी त्या तरुणाने एक साधी परीक्षा सांगितली. सीपीयू कप्प्यातून बाहेर काढला, एका बाजूचा पत्रा उघडला आणि समोर टेबलफॅन लावला. दुपारी तीन वाजता कन्या सरावाला बसली. पाच वाजले तरी यंत्र चालूच. त्यात मदरबोर्ड बदलला नव्हता, विंडोज बदलले नव्हते की बसणारी मुलगी बदलली नव्हती. बदलला होता फक्त वारा. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, हा या कामातील पहिला नियम आहे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

मग वायर काढून सीपीयू आतून पाहिला. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा जाड थर बसला होता आणि तो नुसत्या धुळीचा नव्हता. फोडणीच्या तेलकट वाफेने धूळ चिकटून तिचे नमद्यासारखे कापड झाले होते. पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. एका खोलीत चूल, झोप आणि अभ्यास चालणाऱ्या घरांत असे होणारच. यात ना मुलीचा दोष, ना तिच्या आईच्या स्वयंपाकाचा.

सफाई कशी करावी

ज्यांना ही सफाई घरी करायची आहे त्यांनी पुढील काळजी घ्यावी.

कॉम्प्युटर बंद करून वायर भिंतीतून काढावी. नंतर सीपीयूचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. हात कोरडे असावेत आणि आत हात घालण्यापूर्वी सीपीयूच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. रंगाचा नवा मऊ ब्रश व हाताने दाबायचा हवेचा फुगा पुरेसा आहे. ओले फडके वापरू नये. वारा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, तो गरगर फिरू देऊ नये. ज्या पेटीत विजेची वायर जाते तिला एसएमपीएस म्हणतात. ती कधीही उघडू नये, कारण वायर काढल्यावरही तिच्यात धक्का देण्याइतकी वीज राहू शकते. तिची धूळ बाहेरूनच झटकावी.

हीटसिंक काढून पेस्ट बदलण्याचे काम प्रथम जाणकाराकडूनच करून घ्यावे. जुनी पेस्ट पूर्ण पुसून नवी वाटाण्याएवढी लावली की पुरते, जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. आमचा खर्च पेस्टच्या नळीचे दीडशे रुपये. त्या तरुणाने मजुरी घेतली नाही. अभ्यासिकेसाठी दोन पुस्तके द्या म्हणाला, ती आम्ही दिली.

आता आमचा सीपीयू टेबलावर उघड्यावर असतो आणि मागे वीतभर जागा मोकळी असते. क्रोशाचा रुमाल मॉनिटरवर गेला आहे, तोही कॉम्प्युटर बंद असतानाच.

दुसरे दुखणे

हँग होणे थांबले. पण वहीत आणखी एक प्रकार होता, त्याकडे आमचे आधी लक्ष गेले नव्हते. चार वेळा कॉम्प्युटर थिजला नव्हता, तर अचानक बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू झाला होता. वेळा पाहिल्या तर त्यातील तीन सकाळी आठच्या पुढच्या. त्या वेळी घरात मिक्सर चालतो. मिक्सर, फ्रीज आणि कॉम्प्युटर हे तिन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, आणि त्या बोर्डातली पिन सैल.

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. मोटारीचे यंत्र सुरू होते तेव्हा क्षणभर जास्त वीज खेचते. बोर्ड सैल असेल, वायर बारीक असेल, तर त्या क्षणी कॉम्प्युटरला कमी वीज मिळते. जुन्या एसएमपीएसला ते सोसत नाही. आम्ही कॉम्प्युटरला भिंतीतील स्वतंत्र प्लग दिला आणि तो प्रकारही थांबला. घरातील अर्थिंग नीट आहे की नाही हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे, ते केवळ कॉम्प्युटरसाठी नव्हे तर जिवासाठी. शक्य असल्यास लहान यूपीएस घ्यावा. वीज गेली तरी काम सेव्ह करण्यापुरती पाच-दहा मिनिटे मिळतात.

तुमच्या घरी कारण वेगळे असेल

आमच्या घरी उष्णता निघाली म्हणून सर्वांकडे तेच असेल असे नाही. तेव्हा आधी थिजण्याचा प्रकार ओळखावा. पडदा थिजला की कीबोर्डवरचे कॅप्स लॉकचे बटण दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जिवंत आहे, बहुधा एखादाच प्रोग्राम अडकला आहे. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात जो प्रोग्राम 'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसेल तेवढाच बंद करावा. दिवाही बदलत नसेल तर दोष बहुधा यंत्रात आहे किंवा यंत्र चालविणाऱ्या ड्रायव्हरमध्ये. सीपीयूचे बटण दाबून धरणे हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

कॉम्प्युटर थिजत नाही पण रखडतो, आणि सीपीयूवरचा डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो, असे असेल तर टास्क मॅनेजरमध्ये मेमरी व डिस्कचे आकडे पाहावेत. चार जीबी रॅमच्या यंत्रावर ब्राऊझरची पंधरा पाने उघडली तर मेमरी भरून जाते आणि यंत्र हार्डडिस्कवर उसनवारी सुरू करते. हार्डडिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ असते, म्हणून सगळे रखडते. अशा वेळी नको ती पाने बंद करावीत, कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप सुरू होणारे निरुपयोगी प्रोग्राम बंद करावेत आणि सी ड्राईव्हमध्ये निदान सहावा-सातवा हिस्सा जागा मोकळी ठेवावी. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नयेत, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात.

वेळेचा मेळ लागत नाही, कधी सुरू होतानाच थिजतो, कधी निळा पडदा येतो, तर रॅम पाहावी. वर सांगितल्याप्रमाणे वायर काढून रॅमची पट्टी काढावी, तिचे सोनेरी दात मऊ खोडरबरने हलके पुसावेत आणि दोन्ही बाजूंची कुलपे टक् आवाज करून बसेपर्यंत ती पुन्हा दाबावी. पट्ट्या दोन असतील तर एकेकीवर यंत्र चालवून पाहावे. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची तपासणीही असते, ती फुकट आहे. निळ्या पडद्यावर जो सांकेतिक शब्द येतो तो वहीत उतरवावा किंवा मोबाइलवर फोटो काढावा. जाणकाराला त्यावरून बरेच कळते. जुन्या मदरबोर्डवर डबीसारखे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा पाझरलेले दिसले तर मात्र बोर्ड खरोखरच दुखणाईत आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात सदोष कपॅसिटरमुळे जगभर असे असंख्य बोर्ड निकामी झाले होते.

फाईल उघडायला मिनिटे लागतात, हार्डडिस्कमधून टक-टक आवाज येतो, फाईली नाहीशा होतात, अशी लक्षणे दिसली तर दुसरे काही न करता आधी सर्व कागदपत्रे पेनड्राईव्हवर उतरवून घ्यावीत. दुरुस्तीचा कोणताही प्रोग्राम त्यानंतर. मरणाऱ्या डिस्कला तपासणीचाही भार सोसत नाही. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीच्या अर्जाची पावती हे सगळे आज अनेक घरांत एकाच डिस्कवर असते. मूळ कागद घरी असला तरी अर्जाच्या शेवटच्या दिवशी स्कॅन सापडला नाही म्हणजे वर्ष जाते. यंत्र पुन्हा मिळते, मुदत मिळत नाही. म्हणून एक प्रत पेनड्राईव्हवर व एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. २०१५ पासून सरकारची डिजिलॉकर सेवा आहे, तिचाही उपयोग करावा. आणि काम करताना दर पाच मिनिटांनी कंट्रोल-एस. आमच्या दीडशे पावत्यांनी आम्हास एवढे शिकवले.

कधी कधी दोष कंपनीने केलेल्या प्रोग्राममध्येच असतो. विंडोज ९५ आणि विंडोज ९८ या प्रणालींमध्ये एक गंमत होती. कॉम्प्युटर सलग सुमारे ४९.७ दिवस चालू राहिला की थिजायचा. आत मिलिसेकंद मोजणारा एक आकडा होता, तो ४२९ कोटींच्या पुढे मोजू शकत नव्हता. भरला की पुन्हा शून्यावर येई आणि यंत्राचा गोंधळ उडे. १९९९ मध्ये कंपनीने दुरुस्ती दिली. तेव्हाही कुठल्या तरी कचेरीत एखाद्या शिकाऊ पोराला 'तूच काहीतरी केलेस' म्हणून बोलणी बसली असतील. म्हणून नवीन प्रोग्राम किंवा अपडेट आल्यानंतर हँग होणे सुरू झाले असेल तर वहीतील तारीख पाहून तोच प्रोग्राम आधी काढून पाहावा.

भीती विकणाऱ्यांपासून सावध

एक वेगळाच प्रकार अलीकडे दिसतो. पडदा एकाएकी भरून जातो, भोंगा वाजतो, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असा मजकूर येतो आणि काहीच बंद होत नाही. वाटते की यंत्र थिजले. ते थिजलेले नसते, ब्राऊझरचे एक लबाड पान पडदाभर पसरलेले असते. फोन केला की पलीकडचा गोड बोलून तुमच्या यंत्रात शिरतो आणि बँकेपर्यंत पोचतो. त्या नंबरवर कदापि फोन करू नये. टास्क मॅनेजरमधून ब्राऊझर बंद करावा, नाही झाला तर कॉम्प्युटर बंद करावा. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हा आकडा आपल्या लोकांना पाठ करावा लागणार नाही. आपल्या नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे ते साल आहे.

दुसरी भीती विंडोज १० ची. या प्रणालीसाठी कंपनीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून यंत्र त्या दिवशी बंद पडले किंवा त्यामुळेच हँग होते, असे कुणी सांगितले तर ते खरे नव्हे. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे मिळत नाहीत ही मात्र खरी अडचण आहे, आणि बँकेची कामे करणाऱ्यांनी ती मनावर घ्यावी. विंडोज ११ साठी निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते. जुन्या यंत्रात ती नसेल तर लिनक्स ही मोफत प्रणाली आहे. आपल्या सी-डॅक संस्थेनेही 'बॉस' नावाने लिनक्सची भारतीय आवृत्ती काढली आहे. टायपिंग, अभ्यास, पत्रव्यवहार यांस ती पुरेशी आहे. परीक्षेचा सराव करणाऱ्यांनी मात्र परीक्षेला जी प्रणाली असेल तीवरच करावा.

मेकॅनिककडे जाताना वही बरोबर न्यावी. दोष कशावरून ठरवला ते विचारावे. खर्च आधी कागदावर लिहून घ्यावा. बदललेला जुना भाग परत मागावा. डिस्क फॉरमॅट करण्यापूर्वी आपली कागदपत्रे उतरवून घेतली आहेत ना, हे स्वतः पाहावे. प्रामाणिक कारागीर अशा प्रश्नांनी रागावत नाही.

शेवटचे

असो. आम्ही कन्येसमोर बसून सांगितले, "चूक आमची होती. न तपासता तुला बोललो." तिची आई म्हणाली, "मी पण बोलले." घरातल्या मोठ्यांनी असे म्हणायची आपल्याकडे सवय नाही, म्हणून ते सोपे गेले नाही. कन्या म्हणाली, "पप्पा, माझे पंधरा दिवस गेले." त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. उरलेल्या दिवसांत पहाटे उठून तिने सराव भरून काढला, परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाली. पण ते पंधरा दिवस आम्हास अजून टोचतात.

यंत्र बिघडले म्हणजे घरातील जो सर्वांत लहान, जो उलट बोलत नाही, त्याच्या माथी दोष मारणे सोपे असते. आपल्या घरांत कॉम्प्युटर आणण्यासाठी काय काय गहाण पडते ते आपण जाणतो, म्हणून राग येतो हेही खरे. पण त्या रागाने मुलगी कॉम्प्युटरपासून दूर झाली तर तो आणला कशासाठी?

तेव्हा वाचकहो, आज संध्याकाळी एवढेच करा. कॉम्प्युटर कप्प्यातून बाहेर काढा, त्याच्या पाठीमागे वीतभर जागा ठेवा, कागदपत्रांची एक प्रत पेनड्राईव्हवर घ्या आणि शेजारी दोऱ्याने बांधून एक वही व पेन ठेवा. आमच्याकडे ती वही अजून आहे. शेजारीपाजारी कुणाचा कॉम्प्युटर हँग झाला की आता आमच्या कन्येला बोलावणे येते. ती वही घेऊन जाते. 'कुणी केले?' असे ती विचारत नाही. 'कधी होतो?' असे विचारते.